मागच्या स्प्रिंगमधल्या एअरबॅगची हवा उतरते, गाडी मागून उडते: किट बदलण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फॉर्च्युनर फोर बाय फोर, डिकीत प्लायवुडचे ड्रॉवर आणि फ्रिज, टपावर तंबू, मागच्या दाराला टेकून पाण्याचे दोन कॅन. गाडी मागून दबायला लागली म्हणून मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत हवेच्या बॅगा बसवून घेतल्या. आता डावी बॅग दोन रात्रींत रिकामी होते, उजवी टिकते. तीस पीएसआय (दर चौरस इंचाला तीस पाउंड दाब) हवा ठेवली की कोथरूडच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर मागून 'धाड' आवाज येतो, आणि ताम्हिणीत ओल्या वळणांवर दोनदा शेपूट सरकली. एक गॅरेजवाला म्हणतो किटच बोगस आहे, दुसऱ्या कंपनीचं घ्या. दुसरा म्हणतो बॅगा काढून फेका, दोन इंच उंच स्प्रिंग टाका. कोणाचं ऐकायचं?

सध्या कोणाचंच नको. तुम्ही दोन वेगळी दुखणी एकाच पुरचुंडीत बांधून आणली आहेत. हवा उतरणं हा नळी, फिटिंग आणि व्हॉल्व्हचा विषय आहे आणि बहुतेक वेळा तो किरकोळ सामानात मिटतो. धाड आवाज आणि शेपूट सरकणं हा मात्र हवा किती भरली आणि कुठल्या वजनासाठी भरली याचा विषय आहे. उद्या जगातलं सगळ्यात महाग किट आणून बसवलंत तरी गाडी तशीच उडेल.

गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे चार गोष्टींवर माझं उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. गाडी आधीच उंच केलेली आहे का? दोन्ही बॅगांच्या नळ्या वेगळ्या आहेत की 'टी' लावून एकाच व्हॉल्व्हला जोडल्या आहेत? बॅग बसवताना कॉइलमधला बंप स्टॉप, म्हणजे तो रबरी बफर, कापला किंवा काढला का? आणि मागचे शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, किती किलोमीटर चालले आहेत? गॅरेजवाल्याला हे विचारून ठेवा. चारपैकी दोन प्रश्नांवर तो घुटमळला तर बसवण्याचं कामच पुन्हा तपासावं लागेल.

आता मूळ मुद्दा. कायमचं वजन स्प्रिंगने पेलायचं, येणारं-जाणारं वजन हवेने. तुमच्या गाडीत ड्रॉवर, फ्रिज आणि तंबू बाराही महिने आहेत. म्हणजे गाडी रिकामी अशी कधी नसतेच. हे सगळं ओझं तुम्ही हवेवर टाकलंत, म्हणून रोज ऑफिसला जातानाही बॅगेत तीस पीएसआय ठेवावे लागतात. चार माणसं आणि बॅगा घेऊन कोकणात निघालात की वर भरायला जागाच उरत नाही, कारण कॉइलच्या आत बसणाऱ्या या प्रकारच्या बॅगांची मर्यादा साधारण ३५ पीएसआय असते. किटच्या कागदावर जो आकडा असेल तोच अंतिम.

म्हणून पहिलं काम पान्याचं नाही, काट्याचं. मार्केट यार्डाच्या बाजूला ट्रकसाठी भुईकाटे आहेत, तिथे सकाळी लवकर जा. नेहमी असतं ते सगळं सामान गाडीत, टाकी भरलेली, प्रवासाची माणसं बसलेली. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या. मग फक्त मागची चाकं काट्यावर आणि पुढची बाहेर, असं एकदा. काटेवाला विचित्र नजरेने बघेल, पावती मात्र देईल. ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलोंचा फरक कळत नाही, आपल्यालाही तेवढा बारीक हिशोब नको आहे. एकूण वजन आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा आणि मागच्या धुरीवरचं (अ‍ॅक्सलवरचं) वजन कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेशी. यातलं एकही ओलांडत असेल तर बॅग, स्प्रिंग, शॉकअप यांपैकी काहीही त्यावरचा उपाय नाही. बॅगेने गाडीची उंची बदलते, क्षमता बदलत नाही. धुरी, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. गाडी वरून सरळ दिसू लागली की माणूस अजून दोन पेट्या टाकतो, हा या बॅगांचा सगळ्यात वाईट गुण.

वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हेही पाहा. फॉर्च्युनरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या धुरीतलं अंतर, २७४५ मिलिमीटर. समजा मागच्या धुरीच्या एक मीटर मागे ६० किलो सामान ठेवलं. सरळ तरफेचा हिशोब करा: मागच्या धुरीवर ६० नाही, जवळपास ८२ किलो येतात आणि पुढच्या धुरीवरून २२ किलो उचलले जातात. म्हणजे मागे भार वाढतो आणि स्टिअरिंग करणारी चाकं हलकी होतात. बॅगेत हवा भरून तुम्ही मागची बाजू वर घ्याल, पण ते २२ किलो पुढे परत येत नाहीत. पाण्याचे कॅन मागच्या दारापासून काढून दुसऱ्या रांगेच्या पायांपाशी आणलेत तर फुकटात जो फरक पडेल तो दहा पीएसआयने पडणार नाही. फ्रिज ड्रॉवरच्या वर आहे की बाजूला, तेही बघा. टपावरचा तंबू हा वेगळाच विषय; त्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी जास्त झुकते. कोकणात हॉटेलात उतरणार असाल तर तंबू घरी ठेवा, इतकंच म्हणतो.

काट्याची पावती हातात आली की उंची मोजायची. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा त्यात गोंधळ घालते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना, सपाट जागेवर. आधी गाडी शक्य तितकी रिकामी आणि बॅगेत फक्त ५ पीएसआय. हा आकडा लक्षात ठेवा: वजन असो वा नसो, ५ च्या खाली कधीच जायचं नाही. पूर्ण रिकामी बॅग कॉइलच्या दोन वेढ्यांमध्ये चिमटली जाते आणि तिथेच चिरते. नंतर सामान आणि माणसं चढवून पुन्हा मोजा. किती दबली ते कळेल. मग दोन-तीन पीएसआय भरा, गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे घ्या म्हणजे स्प्रिंग आणि सांध्यांतले रबरी बुश सैल होऊन गाडी आपल्या जागी बसते, आणि मोजा. जेवढी दबली त्याच्या अर्धी ते दोन-तृतीयांश उंची परत आली की थांबा. रिकाम्या गाडीपेक्षा वर तर कधीच न्यायची नाही. रात्री भिंतीवर हेडलाइटचा झोत कुठे पडतो तेही बघून घ्या, घाटात समोरच्याचे डोळे दिपवण्यात शौर्य नाही.

कागदावरचा अंदाज हवा असेल तर असा. चार इंच व्यासाच्या बॅगेचं छेदक्षेत्र साधारण साडेबारा चौरस इंच. २० पीएसआयला ते अडीचशे पाउंड, म्हणजे सुमारे ११३ किलो प्रत्येक बाजूला. बॅगेची टोकं गोल असतात, ती स्प्रिंगच्या बैठकीला पूर्ण टेकत नाहीत, त्यामुळे हातात येणारा आधार याहून कमीच. तरी या आकड्यावरून एवढं कळतं की १५ ते २० पीएसआयला जर गाडी उचलत नसेल तर वजन जास्त आहे, स्प्रिंग थकलेली आहे किंवा बॅग त्या कॉइलच्या मापाची नाही.

आता गळती. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच बॅगा निष्कारण याच्यावरून बदनाम होतात.

आधी प्रमाण समजून घ्या. तुमच्या २६५/६० आर १८ टायरमध्ये साठेक लिटरची जागा आहे. बॅगेत दीड-दोन लिटर. टायरमधून महिन्याभरात जेवढी हवा गेली तर तुमच्या लक्षातही येणार नाही, तेवढीच हवा बॅगेतून गेली तर ती सपाट. त्यामुळे जी गळती टायरला चालते ती इथे चालत नाही. याच कारणाने गेज लावतानासुद्धा फुस्स करून एक-दोन पीएसआय निघून जातात. काही जण रोज सकाळी श्रद्धेने गेज लावतात आणि आठवड्याने 'हवा उतरते' म्हणून येतात. ती हवा त्यांनीच काढलेली असते. म्हणून तुमच्या उजव्या बॅगेचं कौतुक आणि डावीची तक्रार, दोन्ही उंची मोजून पडताळा, गेजवरून नको. आणि हवा भरायला पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर वापरू नका. डोळ्याचं पातं लवेपर्यंत बॅग मर्यादेपलीकडे जाते. सायकलचा पायपंप किंवा गाडीतला छोटा बारा व्होल्टचा पंप उत्तम.

तापमानाचाही थोडा हिशोब आहे. डिसेंबरात पुण्यात पहाटे दहा अंश आणि दुपारी तापलेल्या रस्त्यावर पस्तीस. बॅगेत २० पीएसआय असतील तर एवढ्या फरकाने गेज सुमारे तीन पीएसआय खाली-वर दाखवतो. ही गळती नव्हे. लडाखला जाणाऱ्यांसाठी उलटं: पुणे साधारण ५६० मीटरवर, लेह साडेतीन हजार मीटरवर. बाहेरचा दाब कमी झाल्याने तीच हवा तिथे चार-एक पीएसआय जास्त दाखवते, थंडीमुळे त्यातलं थोडं वजा होतं. ३३ वर भरून निघालात तर वर पोचेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असेल.

पण दोन रात्रींत शून्य, तेही फक्त डाव्या बाजूला, ही खरी गळती आहे. ती शोधायची पद्धत सोपी आहे, चिकाटी लागते. बॅगेत २५ पीएसआय भरा. भांड्यांचा साबण पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत घ्या, फेस नको, नुसतं घट्टसर पाणी. पहिला फवारा व्हॉल्व्हवर, टोपण काढून. हा टायरसारखाच व्हॉल्व्ह आहे, आतली पिन ढिली असते किंवा तिच्यात कचरा अडकलेला असतो. पंक्चरवाल्याकडून नवी पिन बसवून घ्या आणि रबराची चकती असलेलं धातूचं टोपण लावा. दुसरा फवारा व्हॉल्व्हच्या मागे नळी शिरते तिथे. तिसरा बॅगेच्या तोंडाशी. बुडबुडे भसाभस येत नाहीत, मुंगीच्या डोळ्याएवढा फेस हळूहळू जमतो, म्हणून प्रत्येक जोडाला दोन-तीन मिनिटं द्या.

माझा संशय तिसऱ्या जागेवर किंवा मधल्या एखाद्या जोडावर आहे, आणि कारण सांगतो. अमेरिकी बनावटीच्या किटमध्ये नळी पाव इंची असते, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्याकडे भोसरीत किंवा कुठल्याही न्यूमॅटिकच्या दुकानात सहज मिळते ती ६ मिलिमीटरची. बसवताना नळी कमी पडली किंवा वाकडी कापली गेली की पोऱ्या जाऊन 'तशीच' नळी आणतो. ६ मिलिमीटरची नळी पाव इंची पुश फिटिंगमध्ये शिरते, पकडतेही, आतली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) मात्र तिच्याभोवती पुरती दाबली जात नाही. उभ्या गाडीत हळूहळू गळते, गाडी हलली, नळीला झटका बसला की जास्त. नळीवरचं छापलेलं माप वाचा, नाहीतर व्हर्निअर लावा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नळीचा रंग किंवा छपाई वेगळी दिसली तर चोर सापडला.

नळी एकच असेल तर टोकं बघा. पक्कडीने कापलेली नळी टोकाला चपटी होते आणि फिटिंगमध्ये ओ-रिंगला चरा पाडते. धारदार ब्लेडने काटकोनात कापायची, टोकाचा अर्धा इंच भाग ओरखडाविरहित हवा, ठक्क लागेपर्यंत आत ढकलायची आणि मग ओढून बघायची. काढताना फिटिंगची कडा सगळीकडून सारखी दाबून नळी काढायची, नुसती उपटायची नाही. फिटिंगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावली असेल तर पहिला आटा मोकळा सोडलेला आहे ना बघा, टेपचे धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. बॅगेच्या तोंडाला साधी नळी चढवून क्लिप लावलेली असेल तर ती क्लिप पक्कडीने चिरडून वाकडी झालेली नाही ना तेही पाहा.

साबणाने काहीच दिसलं नाही तर नळ्या अदलाबदल करा. डाव्या बॅगेची नळी उजवीला पोचत नसेल तर तेवढ्यापुरती दोन तात्पुरत्या नळ्यांनी उलटसुलट जोडा. दोन रात्री गाडी उभी ठेवा. गळती डावीकडेच राहिली तर बॅग, उजवीकडे गेली तर नळी-व्हॉल्व्ह. बॅगच निघाली तर बाहेर काढून बादलीत बुडवा, पण बाहेर काढलेल्या बॅगेत ५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही. कॉइलचा आधार नसताना ती फुग्यासारखी फुगते आणि फुटली तर डोळा घेऊन जाईल. छिद्र कुठे सापडतं त्यावरून कारण कळतं. कॉइलच्या वेढ्याच्या रेषेत चीर असेल तर कमी हवेवर चालवल्याने चिमटली. अंगभर घासल्यासारखे डाग असतील तर खडी आणि चिखल बॅग आणि कॉइलच्या मधे जाऊन कानस झाली. कोकणातून आल्यावर लाल चिखल आतून धुऊन काढणं म्हणूनच गरजेचं आहे. एकाच बाजूला रबर चकचकीत किंवा चुरचुरीत झालं असेल तर सायलेन्सरची उष्णता. गरम पाइपपासून नळी आणि बॅग दोन्ही कमीत कमी दीडशे मिलिमीटर लांब हवी, तेवढी जागा नसेल तर मधे पत्र्याचा उष्णतारोधक आडोसा. तुमच्या गाडीत सायलेन्सर कोणत्या बाजूने जवळून जातो ते खाली वाकून बघा, डाव्या बॅगेचं रहस्य कदाचित तिथेच उलगडेल.

बॅगला पॅच मारत बसू नका. बॅग बदलायची.

बसवण्याचं काम तपासताना आणखी तीन गोष्टी. बॅग कॉइलमध्ये उभी सरळ आहे का, की वळून एका बाजूला गेली आहे. गाडी उंच केलेली असेल आणि बॅग मूळ उंचीची असेल तर ती आत लोंबकळते. अशा वेळी लांब बॅग किंवा किटसोबतचा स्पेसर लागतो. दुसरं, धुरीबरोबर हलणाऱ्या भागातून नळी चासीवर येते तिथे तिला सैल वळसा आहे का. चासीला घोड्या (जॅक स्टँड) लावून चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि नळी ताणली जाते का बघा, मग धुरी जॅकने वर घेऊन चिमटली जाते का बघा. बसवताना शॉकअपचा खालचा बोल्ट काढला असेल तर ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणली गेली होती का, हेही एकदा डोळ्याखालून घाला. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, आणि कोणी गाडीखाली असताना हवा भरायची नाही. तिसरं, पत्र्याला छिद्र पाडून नळी नेली असेल तर तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राच्या कडेला बसणारं रबर, हवं.

आता धाड आवाज. मला एक सांगा: आवाज चाक गतिरोधकावर चढताना येतो की उतरून खाली लोंबकळताना? दोन्हींची कारणं उलट आहेत. चढताना येत असेल तर स्प्रिंग पूर्ण दबून बंप स्टॉपवर आदळते आहे, किंवा बंप स्टॉप कापून टाकल्याने बॅगच बंप स्टॉपचं काम करते आहे. मुलांची क्ले घेऊन बंप स्टॉपवर एक गोळा चिकटवा आणि त्याच गल्लीतून फेरी मारा. गोळा चपटा झाला तर उत्तर मिळालं. उतरताना येत असेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला हेच वाटतं, तर तीस पीएसआयने गाडी इतकी वर उचलली आहे की शॉकअपला खाली जायला वाव उरलेला नाही. चाक थोडं लोंबकळलं की शॉकअप पूर्ण ताणून टोकाला ठोकर खातो. असं चालू ठेवलंत तर आधी शॉकअपचे बुश जातील, मग सील.

उडण्याचं कारणही तिथेच. शॉकअप कंपनीने मूळ स्प्रिंगच्या ताकदीला जुळवलेला असतो. बॅगेने स्प्रिंग कडक झाली, पण परत येणारी उसळी धरून ठेवणारा शॉकअप तोच. मग गाडी एकदा खाली जाऊन दोनदा वर येते. शॉकअप जुने असतील तर हे दुप्पट जाणवतं. आधी त्यांच्यावर तेलाचा ओघळ आहे का बघा.

शेपूट सरकण्याकडे गमतीने बघू नका. मागची बाजू कडक झाली की वळणात बाहेरच्या मागच्या चाकावर जास्त भार जातो, आतल्यावर कमी, आणि दोघांची मिळून पकड घटते. ओल्या रस्त्यावर आधी मागची चाकं सोडतात. त्यात हलकी गाडी, तीस पीएसआय आणि ताम्हिणीचा जुलै. प्रवासाचं जादा वजन नसताना हवा ५ ते ७ वर आणा, हा त्रास बहुतेक जाईल. नळ्या 'टी'ने जोडल्या असतील तर वेगळा दोष: वळणात बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी कलून तशीच राहते. टपावर तंबू असलेल्या गाडीला हे नकोच. दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह ठेवा. वजन भरल्यावर मागच्या टायरची हवाही दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे वाढवा. बॅगेत हवा आणि टायर मऊ, अशा गाड्या रोज दिसतात.

डबल कॅब पिकअपवाल्यांनी वरचं जसंच्या तसं घेऊ नये. तुमच्या मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, बॅग चासी आणि धुरीच्या मधे बसते आणि ती १०० पीएसआयपर्यंत जाते. पाट्याचा भार चासीला पुढच्या ब्रॅकेटवर आणि मागच्या शॅकलवर, असा दोन जागी विभागून जातो. बॅग त्यातला मोठा वाटा धुरीच्या बरोबर वर एका जागी देते. मागे लांब लोंबणारं ओझं असेल तर गुडघ्यावर काठी मोडतात तसं चासीचं होतं. कॉइलवाल्या गाडीत बॅग स्प्रिंगच्याच बैठकीवर बसते, त्यामुळे फॉर्च्युनरवाल्यांना ही भीती कमी. शिवाय काही पिकअप आणि जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब धुरीच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. बॅगेने मागची बाजू वर उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. तिथे तो व्हॉल्व्ह पुन्हा जुळवल्याशिवाय बॅग नको.

दोन इंच उंच स्प्रिंगच्या सल्ल्याबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करण्याबद्दल कडक आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून बघतो. त्यामुळे विमा कंपनीला आधी लेखी विचारा. उंची न वाढवता, तुमच्या कायमच्या वजनाला जुळणारी थोडी जाड तारेची स्प्रिंग आणि तिला साजेसे शॉकअप मिळतात. तुमच्या कामाची ती आहे, दोन इंचवाली नाही. ती टाकली तरी बॅगा ठेवा, सुट्टीच्या सामानासाठी.

या रविवारी क्रम असा ठेवा. कॅन पुढे आणा, तंबू उतरवा, दोन्ही बॅगा ७ पीएसआयवर आणा आणि तीच कोथरूडची गल्ली फिरून या. धाड आवाज गेला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला. मग साबणाचं पाणी. पुढच्या आठवड्यात काटा. काट्याच्या दोन्ही पावत्या, चार चाकांची रिकामी आणि भरलेली मापं, आणि डाव्या बॅगेच्या तोंडाशी असलेल्या फिटिंगचा जवळून काढलेला एक फोटो इथेच टाका. कुठल्या ताकदीची स्प्रिंग घ्यायची ते मग आकडे बघून सांगतो.